दोन शब्दांची कार्डं

४ मार्च

प्रिय वहिनी,

दादा गेल्याला उद्या सहा आठवडे होतील. त्या दिवशी मी आले, तुमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून दोन तास बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. आधी काही त्रास होता का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, नाही, अचानकच झालं, बूट घालता घालता. नऊ वर्षांनी त्या घरात पाऊल टाकलं होतं. निघताना मी ‘पत्र लिहीन’ म्हणाले, तू ‘लिही’ म्हणालीस. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. म्हणून हे पत्र.

मी ठीक आहे. भूक लागते, झोप लागते. दहा ते सहा कोशाच्या कचेरीत बसते. सख्खा भाऊ गेल्यावर माणसाला काहीतरी व्हायला हवं असं मी ऐकून होते. मला अजून काही झालेलं नाही.

एक काम आहे तुझ्याकडे. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती निघते आहे. तीत जवळजवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या शेजारी शेजारी मांडून त्यांचे सगळे अर्थ पडताळायचे आहेत. माझ्या वाट्याला आलेली पहिली जोडी आहे ‘केअर’ आणि ‘माइंड’. दिसायला साधी, पण गळ्यात पडली की कळते. केअर म्हणजे देखभाल, काळजी, पर्वा, जपणूक, आणि पत्त्यावर लिहितात ते ‘केअर ऑफ’ म्हणजे अमक्याच्या मार्फत. माइंड म्हणजे मन, पण सांभाळणंही, लक्ष देणंही, हरकत असणंही आणि वाईट वाटून घेणंही. दोन्हींना ‘नाही’ जोडलं की वाटा फुटतात. ‘आय डोन्ट केअर’ म्हणजे मला काय त्याचं. ‘आय डोन्ट माइंड’ म्हणजे माझी काही हरकत नाही. आमच्याकडे नव्याने लागलेली मुलं हमखास इथेच घसरतात.

प्रत्येक अर्थाला एक कार्ड, आणि कार्डावर त्या अर्थाचं मराठी वाक्य. कचेरीचा नियम असा की ते वाक्य कोणाच्या तरी तोंडून खरोखर निघालेलं हवं. कार्डाच्या मागे बोलणारा कोण, कधी बोलला, कुठे, तेही लिहायचं. टेबलाशी बसून घडवलेलं वाक्य चालत नाही. आमचे मुख्य संपादक, ज्यांना आम्ही पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणतो, ते एकेक कार्ड उलटून बघतात.

तू घरी आणि दुकानात दिवसभर माणसांचं बोलणं ऐकतेस. जमतील तेवढी वाक्यं पाठव. दादाच्या तोंडची असली तरी चालतील. कोरी कार्डं सोबत घातली आहेत.

तुझी,
ठमी


१६ मार्च

प्रिय ठमी,

पत्र मिळालं. तुझं हे उंटावरून शेळ्या हाकणं काही सुटलं नाही. नवरा जाऊन दीड महिना झाला आणि नणंद कोरी कार्डं पाठवते! मास्तरीणबाईंना, म्हणजे शेजारच्यांना, दाखवलं तर त्या तोंडाला पदर लावून हसतील. पण मी रागावले नाही. आताशा रागही येत नाही.

मी दुकानात पुन्हा जायला लागले. मालकीणबाई म्हणाल्या होत्या की हवी तेवढी सुट्टी घे, पण घरात करायचं काय? मूलबाळ नाही, दोन भांडी घासायला किती वेळ लागतो? दुकानात पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कोटाला नवं अस्तर लावायचं. परवा एकाच दिवशी अकरा चेनी बदलल्या. हात आपले चालतात. संध्याकाळी मशिनवर कापड घातलं की उठायचं.

मास्तरीणबाई रोज येतात आणि ‘रड, मोकळी हो’ म्हणतात. मग माझ्या तोंडाकडे बघत बसतात, नळाला पाणी कधी येतंय ते बघायला आल्यासारख्या. त्यांचा हिरमोड होतो, त्याचं मला वाईट वाटतं.

तुझी वाक्यं. सगळी ह्यांचीच आहेत, कारण दुसऱ्या कोणाचं बोलणं माझ्या लक्षात राहत नाही. कोणतं कुठल्या शब्दाखाली ते तूच ठरव.

‘बाजूला हो, काच आहे.’ दोन वर्षांपूर्वी, खिडकीची तावदानं बदलताना.

‘दूध बघ गं.’ हे रोज सकाळी.

‘चालेल की.’ भाजी कालचीच आहे म्हटल्यावर. कधीही काहीही वाढलं तरी हेच.

‘जाऊ दे, मरू दे.’ छत्री लिफ्टमध्ये विसरली तेव्हा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि स्वतःचीच छत्री लिफ्टमध्ये विसरतो.

‘त्याला मी काय करू!’ सोसायटीच्या सेक्रेटरीला, फोनवर. ते म्हणत होते की लिफ्टमध्ये लोक जास्त चढतात.

‘आईला बघायला कोणी नको?’ हे त्यांच्या साहेबांना, दारात उभं राहून. साहेब बढतीचा कागद घेऊन घरी आले होते, दुसऱ्या शहरात जायचं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. बढती गेली.

ही वाक्यं लिहिताना माझ्या लक्षात आलं की तुझ्या दोन इंग्रजी शब्दांना आमच्याकडे ‘बघणं’ हा एकच शब्द पुरतो. दूध बघ, पायरी बघ, आईला बघ. कोशात तसं लिहून टाक आणि मोकळी हो.

वहिनी


२६ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं ‘बघणं’ मी स्वल्पविरामांना दाखवलं. ते चष्मा काढून म्हणाले, ‘ह्या बाईंना, नोकरीला, घ्या.’ तू पाठवलेली सहाही कार्डं मंजूर झाली. ‘दूध बघ गं’ माइंडमध्ये लागलं, काचेचं केअरमध्ये, साहेबांचंही केअरमध्ये.

साहेबांचं कार्ड मी स्वतः लावलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना लावायला सांगितलं. बढतीचं मला ठाऊक नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं तरी कुठे होतं?

आता खरं लिहिते. कार्डं हे निमित्त होतं. कामाचं नाव पुढे केलं की मला काहीही विचारता येतं, हा माझा जुना दोष.

आई दोन वर्षं अंथरुणावर होती. त्या दोन वर्षांत मी चार वेळा आले आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी परत गेले. जुन्या आवृत्तीचं काम गळ्याशी आलं होतं हे खरं. पण आईचा वास, ती वळवताना तिचं कण्हणं, हे मला सहन होत नव्हतं हे त्याहून खरं आहे. काम बरं सापडलं होतं मला. शेवटी तार करावी तसा दादाचा दोन शब्दांचा निरोप आला, ‘आई गेली’, आणि तरी मी तिसऱ्या दिवशी पोचले. दारातच दादा म्हणाला, ‘तुझा कोश पुरा कर, जा.’ त्यानंतर नऊ वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. दर वाढदिवसाला मी त्याला पत्र टाकत होते. एकाचंही उत्तर आलं नाही.

मला माइंडच्या एका अर्थाचं वाक्य हवं आहे. वाईट वाटून घेणं, मनाला लावून घेणं. वहिनी, माझ्याबद्दल तो कधी काही बोलला का? शेवटी शेवटी तरी? चांगलं असेल ते लिही, वाईट असेल तेही लिही. माझं एवढंच मागणं आहे, आणि ते सांगू शकेल असं तुझ्याशिवाय आता जगात कोणी नाही.

ठमी


२ मे

प्रिय ठमी,

उत्तराला उशीर झाला. दुकानात काम होतं. शिवाय एका शाळेचे दोनशे पडदे आले होते, त्यांना कड्या लावायच्या होत्या.

तुझं कार्ड भरून पाठवते आहे. त्यावर असं आहे:

‘ठमीचं मी कधीच मनाला लावून घेतलं नाही, कारण तिचं कामही मोठं होतं आणि आईची काळजी तिला आपल्याइतकीच होती.’

मागे लिहिलं आहे: बोलणारे हे, जानेवारीचा दुसरा आठवडा, रविवार, जेवण झाल्यावर, स्वयंपाकघरात.

आता मनातलं काढून टाक. माणूस गेला, त्याच्याबरोबर सगळं गेलं. मास्तरीणबाईंनी यायचं कमी केलं आहे. त्यांच्या सुनेला दिवस गेले आहेत, तिकडे त्यांचं लक्ष लागलं आहे. बरं झालं.

जेवत जा वेळेवर.

वहिनी


११ मे

प्रिय वहिनी,

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी ते पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी काढून वाचलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. त्यावर विश्वास ठेवायचा मी मनापासून प्रयत्न केला. तीन दिवस जमलंही.

पण मी अठ्ठावीस वर्षं हेच काम करते आहे गं. टेबलाशी बसून घडवलेलं वाक्य मला वासावरून कळतं. टोपलीत टाकलेली असली कार्डं रचली तर आमचा जिना भरेल.

दादाची तू आधी पाठवलेली सहा वाक्यं बघ. एकही चार शब्दांच्या पुढे गेलेलं नाही. माझ्या माहितीत दादाने जन्मात ‘कारण’ म्हटलेलं नाही. शाळेत गैरहजेरीची चिठ्ठी लिहायची असली तरी ‘कारण’ मी लिहून द्यायचे. ह्या वाक्यात अठरा शब्द आहेत. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे न्हाऊन-माखून रांगेत उभे आहेत. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात असं कोणी बोलत नाही. आणि मागे तू वार, आठवडा, वेळ, खोली, सगळं लिहिलंस. खऱ्या वाक्यांच्या मागे तू ‘दोन वर्षांपूर्वी, खिडकीची तावदानं बदलताना’ एवढंच लिहिलं होतंस. खरं आठवतं ते अर्धंमुर्धंच आठवतं.

तू माझ्यासाठी हे केलंस ते मला कळतं. माझ्यावर कोणी एवढी मेहनत घेतल्याला फार दिवस झाले. पण हे कार्ड मला लावता येत नाही, आणि उशाखालीही ठेवता येत नाही.

आमच्या कचेरीत एक रीत आहे. एखाद्या अर्थाला शोधशोधून वाक्य सापडलं नाही, तर तिथे एक कोरं कार्ड लावतात आणि वर लिहितात ‘वाक्य मिळालं नाही’. म्हणजे मागून येणारा उगाच पुन्हा शोधत बसत नाही. दादा माझ्याबद्दल काहीच बोलला नसेल तर तसं कोरं कार्ड पाठव. मी ते लावीन आणि शोधायचं थांबवीन. मला त्याने काही होणार नाही. तसंही मला काहीच होत नाही.

ठमी


१९ मे

ठमी,

कोरं कार्ड पाठवायला काढलं होतं. पाकिटात घातलंही होतं. ते पाठवलं असतं तर तुझं समाधान झालं असतं आणि माझीही सुटका झाली असती. पण ती दुसरी थाप झाली असती.

मी तुला सांगितलं की अचानक झालं. ते खोटं आहे. नोव्हेंबरात त्यांच्या छातीत दुखलं होतं. लिफ्टच्या वरच्या खोलीत काम करत होते, तिथून दोघांनी धरून खाली आणलं. चार दिवस रुग्णालयात होते. डॉक्टर म्हणाले होते की पुढचा झटका जोराचा येईल. तो कधी येईल ते सांगता येत नाही, तेवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना मोसंबी सोलून देत होते. नर्स पडदा ओढून गेली होती. ते छताकडे बघत होते. एकदम म्हणाले, ‘ठमीला कळवायचं?’

मी म्हटलं, ‘कशाला? आईच्या वेळी आली होती का ती?’

ते म्हणाले, ‘बरं.’

मग त्यांनी फोड खाल्ली. त्यानंतर अडीच महिने ते होते, पण तुझं नाव पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही.

हे माझ्या तोंडून रागाच्या भरात निघालं असं म्हणायची सोय नाही. मी शांतपणे म्हणाले, सालं काढता काढता. तुम्हा भावंडांचा नऊ वर्षं अबोला होता तो ह्यांच्यामुळे, असंच सगळे समजतात, मीही समजत होते. पण ते केव्हाच विरघळले होते. विरघळले नव्हते ती मी. आईचं दोन वर्षं मी केलं, ठमी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवलं. चादरी धुतल्या. दुकानातून दुपारी पळत यायचे, भरवून पुन्हा पळायचे. तू चार वेळा आलीस आणि प्रत्येक वेळी आईला वाटायचं लेक आली. तू गेल्यावर ती मला म्हणायची, पोरगी दमलेली दिसत होती, नाही? माझ्याबद्दल असं कधी म्हणाली नाही. ते माझ्या मनात राहिलं. मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय होतं त्यात?

तुझी वाढदिवसाची पत्रं ते वाचायचे. दोनदोनदा वाचायचे. उत्तर लिहायला बसायचे आणि ‘प्रिय ठमी’ लिहून झालं की पेन ठेवून मला विचारायचे, पुढे काय लिहू. मी म्हणायचे, मला काय विचारता, तुमची बहीण. मी एक ओळ सांगितली असती तर पत्र गेलं असतं. ‘आम्ही मजेत आहोत’ एवढी जरी सांगितली असती.

त्या अठरा शब्दांवर मी महिना घालवला. तुला वाटलं तुझ्यासाठी. तुझ्यासाठी नव्हते गं ते. खरं वाक्य दिलं की त्याच्या पाठोपाठ माझं ‘कशाला’ आलं असतं. म्हणून मी दुसरं शिवलं. शिवण माझी तुला दिसली. आजवर गिऱ्हाइकांना कधी दिसली नव्हती.

लोक म्हणतात रड. कुठल्या तोंडाने रडू? हे तुला लिहिलं की हलकं वाटेल अशी आशा होती. तसंही काही झालं नाही. बाहेर मास्तरीणबाईंची सून ओकते आहे, मला पाणी घेऊन जायला हवं.

वहिनी


२० जून

वहिनी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहिलं नाही, कारण पहिले आठ-दहा दिवस मला काही वाटलंच नाही. वाचलं, घडी घातली, कामाला गेले. केअर आणि माइंडची जोडी पुरी केली, ती छापायलाही गेली. माइंडच्या त्या अर्थाला शेजारच्या बाईंनी त्यांच्या सासऱ्यांचं एक वाक्य आणून दिलं. चांगलं होतं.

मग एका मंगळवारी, ‘एन’ अक्षराच्या कार्डांची खोकी खाली उतरवताना, मला राग आला. कुठून आला ते सांगता येणार नाही. पायापासून वर आला. चार दिवस! चार दिवस तो तिथे पडून होता आणि मी सहा तासांच्या अंतरावर कार्डं लावत होते. त्याने विचारलं होतं. त्याने तोंड उघडून माझं नाव घेतलं होतं, आणि तू मोसंबी सोलता सोलता ते पुसून टाकलंस. स्वल्पविराम विचारायला आले, बाई, काय झालं. मी त्यांच्या अंगावर ओरडले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. खोकं हातातून सुटलं, सगळी कार्डं जमिनीवर. मी त्या कार्डांत बसले आणि रडले, अगदी नाक गळेपर्यंत. ते बिचारे शेजारी उकिडवे बसून कार्डं गोळा करत राहिले.

त्या दिवसापासून जेवण बेचव लागतं, झोप येत नाही, दादा सारखा आठवतो. भाऊ गेल्यावर माणसाचं जे होतं ते माझं आता पाच महिन्यांनी झालं.

तुझं चुकलं, वहिनी. ते मी गोड करून लिहिणार नाही. तू ‘कळवा’ म्हणाली असतीस तर मी आले असते. ह्या वेळी आले असते. ह्याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि आईच्या वेळचा उलटा पुरावा तुझ्याकडे आहे, हेही मला दिसतं. माझं आधी चुकलं, तुझं मागून. कोणाचं जास्त ते दादा सांगू शकला असता, पण तोही ‘जाऊ दे’च म्हणाला असता.

आई तुला कधी ‘दमलीस’ म्हणाली नाही हे वाचून मी थांबले. मीही म्हणाले नाही. चार वेळा आले तेव्हा चारही वेळा तूच मला जेवायला वाढलंस आणि मी ताटावर बसून माझ्याच कामाचं रडगाणं गायलं.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. दोन दिवसांसाठी नाही, पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. मी आल्याबरोबर चहा टाकू नकोस, प्रवास कसा झाला विचारू नकोस. मला तुझ्याशी भांडायचं आहे. तूही भांड. त्या दोन वर्षांतली एकेक चादर काढ, मी ऐकून घेईन, मध्ये उठून जाणार नाही. शेजारी ऐकतील तर ऐकू देत. दादाशी भांडायचं माझं राहूनच गेलं, आणि आता आपल्या दोघींना भांडायला एकमेकींशिवाय कोणीच उरलेलं नाही.

ठमी